उपरेपणाचे मूळ कुठे?

परदेशी गेलेल्या मराठी माणसाच्या सुखदुःखांवर मराठीत गेली पन्नास-साठ वर्षे सातत्याने लिहिले जात आहे. दिवाळी अंकांतल्या लेखांपासून नाटक-सिनेमांपर्यंत या लेखनाचा ऐवज ठरून गेला आहे: बर्फ आणि एकटेपणा, मराठी न बोलणारी नातवंडे, पुण्या-मुंबईत मागे राहिलेले आईवडील आणि ‘आणखी दोन वर्षांनी परत येऊ’ हा दरवर्षी पुढे सरकणारा बेत. या साऱ्याचे निदानही ठरलेले असते. संस्कृती वेगळी म्हणून जीव रमत नाही. तो रमवायचा तर माणसाने एक तर तिथलेच होऊन जावे, नाही तर आपले ते जपून ठेवावे. हे निदान अर्धेच खरे आहे. संस्कृतीतले अंतर टोचते, यात शंका नाही. पण ती टोचणी काळाबरोबर बोथट होते की आयुष्यभराची निराशा होऊन बसते, हे बहुतेक वेळा माणसाला त्या देशात कोणते हक्क आहेत यावर ठरते. राहण्याची परवानगी कोणाच्या हातात आहे, नोकरी बदलता येते का, बायकामुलांना स्वतःचे असे काही स्थान आहे का, अन्याय झाला तर दाद मागता येते का, या रोकड्या प्रश्नांची उत्तरे माणूस परदेशात रुजणार की नाही ते सांगतात. मराठी आणि एकूण भारतीय स्थलांतराचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास या बाजूने तपासून पाहण्याजोगा आहे.

आधी शास्त्र काय म्हणते ते पाहू. ‘कल्चर शॉक’ ही कल्पना लोकप्रिय केली ती कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने, १९५० आणि १९६०च्या दशकांत. सुरुवातीचे कौतुक, मग चिडचिड, मग हळूहळू सरावणे आणि शेवटी स्वीकार, असे टप्पे त्याने मांडले. त्याच सुमारास, १९५५ साली, स्वेरे लिसगार्ड याने अमेरिकेत राहून आलेल्या दोनशे नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सहा ते अठरा महिने राहिलेल्यांचे समाधान सर्वांत कमी आणि त्याहून कमी वा जास्त राहिलेल्यांचे अधिक दिसले, आणि त्यातून इंग्रजी ‘यू’ अक्षरासारख्या वक्ररेषेचा सिद्धांत रूढ झाला. पुढे न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांच्या अभ्यासात सर्वाधिक त्रास पहिल्याच दिवसांत आढळला आणि ही वक्ररेषा सगळीकडे लागू पडत नाही हे दिसले. पण माझ्या मते मुख्य मुद्दा वेगळाच आहे. ओबर्गच्या नजरेसमोर होते ते परदेशी कामावर गेलेले अमेरिकन तज्ज्ञ आणि त्यांची कुटुंबे. लिसगार्डच्या नजरेसमोर होते शिष्यवृत्तीवर गेलेले विद्वान. दोघांच्याही पाठीशी त्यांचे सरकार होते, मुक्काम ठरावीक होता, परतीची वाट मोकळी होती आणि घरी मान वाढणार होता. उद्या देश सोडावा लागेल, ही धास्ती त्यांच्यातल्या कोणाच्या वाट्याला आली नव्हती. ज्यांच्या बाबतीत कायद्याची चिंता मुळातच नव्हती, त्यांच्या अनुभवावरून बांधलेल्या सिद्धांतात उरली ती फक्त संस्कृती. आपण तोच सिद्धांत कंत्राटी मजुराला आणि व्हिसाच्या मुदतीवर जगणाऱ्या अभियंत्याला लावतो, तेव्हा दुखण्याचे एक मोठे कारण आधीच वगळून बसतो.

ते कारण किती मोठे आहे, हे अमेरिकेतल्या पहिल्या पिढीच्या भारतीयांकडे पाहिले की कळते. वैष्णोदास बगाई १९१५ साली कुटुंबासह सॅन फ्रान्सिस्कोला पोचले. इंग्रजी उत्तम, पेहराव अमेरिकन, शहरात स्वतःचे दुकान आणि १९२१ साली मिळालेले नागरिकत्व: संस्कृतीशी जुळवून घेण्याच्या कोणत्याही कसोटीला ते उतरले असते. १९२३ साली भगतसिंग थिंड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही, असा निर्णय दिला. आधी दिलेली नागरिकत्वेही सरकार काढून घेऊ लागले. बगाईंचे नागरिकत्व गेले, मालमत्ता धारण करण्याचा हक्क गेला, भारतात जाऊन यायचे तर ब्रिटिश पासपोर्ट घ्या असे सांगण्यात आले. ज्यांच्या राज्याविरुद्ध लढायचे म्हणून देश सोडला, त्यांचाच पासपोर्ट. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. या माणसाला अमेरिकेच्या संस्कृतीने दमवले नव्हते. उलट ती त्याने आपलीशी केली होती. दुसरीकडे त्यांच्या पत्नी कला बगाई यांना सुरुवातीला इंग्रजीही येत नव्हते. १९४६च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचे दार पुन्हा उघडले, आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या भारतीय समाजाच्या आधारस्तंभ म्हणून त्या ओळखल्या गेल्या. बर्कलीत शेजाऱ्यांनी या कुटुंबाला त्यांच्याच नव्या घरात पाऊल टाकू दिले नव्हते. त्याच गावात आज एका रस्त्याला कलाबाईंचे नाव आहे.

१९६५च्या अमेरिकी कायद्याने वंशावर आधारलेले कोटे काढून टाकले आणि भारतातून डॉक्टर, अभियंते, संशोधक जाऊ लागले. त्या पिढीचे हाल कमी नव्हते. वाण्याच्या दुकानाचा पत्ता नाही, फोन महाग, भारताचे विमान चार-पाच वर्षांतून एकदा. तरी त्यांतल्या पुष्कळांना कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, लवकर मिळाले. काही जण तर ते हातात घेऊनच उतरले. याच पिढीने गावोगावी महाराष्ट्र मंडळे काढली, १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन केले, अधिवेशने भरवली, पुढे मराठी शाळा सुरू केल्या. संस्था उभारायला उद्याचा भरवसा लागतो, आणि तो त्यांच्यापाशी होता. आज अमेरिकेत जाणाऱ्याला सांस्कृतिक अंतर कितीतरी कमी जाणवते. किराणा दारात येतो, आईचा व्हिडिओ कॉल रोज असतो, गणपतीत ढोल-ताशा पथक असते, कचेरीत निम्मे सहकारी आपल्याकडचे असतात. संस्कृती हेच दुखण्याचे मूळ असते, तर या पिढीची निराशा आधीच्या पिढीहून बरीच कमी असायला हवी होती. प्रत्यक्षात तिच्या बोलण्यात अस्वस्थता अधिक आहे, आणि त्या बोलण्याचा विषय बहुधा व्हिसा असतो.

ही यंत्रणा समजून घ्यायला हवी. १९९०च्या कायद्याने आलेला एच-१बी व्हिसा दरवर्षी ६५,००० जणांना, शिवाय अमेरिकी विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी असलेल्या आणखी २०,००० जणांना मिळतो. तीन अधिक तीन अशी सहा वर्षांची मुदत; ग्रीन कार्डाचा अर्ज पुढे सरकलेला असेल तरच त्यापुढे वाढ. या व्हिसाच्या मंजुरींपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक भारतीयांच्या असतात. पण नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १,४०,०००, आणि त्यांत कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. म्हणजे भारताच्या वाट्याला बायकामुले धरून साधारण ९,८००. इतरांची उरली तर थोडी भर. परिणामी २०२५ साली दोन मुख्य वर्गांत २०१२-१३च्या सुमारास अर्ज केलेल्या भारतीयांची पाळी चालू होती. या रांगेत असताना नोकरी गेली तर नवी शोधायला साठ दिवस. पत्नी किंवा पती अवलंबित व्हिसावर असेल, तर २०१५पूर्वी कामाची मुभाच नव्हती. आता अर्जाचा एक टप्पा पार पडल्यावर ती मिळते. लहानपणी आणलेले मूल एकवीस वर्षांचे झाले की बापाच्या अर्जातून बाहेर पडते आणि जिथे वाढले त्या देशात परदेशी विद्यार्थी ठरते. सप्टेंबर २०२५मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हा ती कोणाला लागू आहे हे स्पष्ट होईपर्यंत सुट्टीवर भारतात आलेल्यांची परतीच्या विमानांसाठी धावपळ उडाली. अशा स्थितीत घर घ्यावे का, बढती मागावी का, आजारी आईला भेटायला जावे का, हे साधे निर्णयही टांगणीला लागतात. यातून येणाऱ्या उदासीला एकटेपणा किंवा घरची ओढ म्हणणे सोपे असते, कारण तसे म्हणताना कोणाला जाब विचारावा लागत नाही.

आखाती देशांचे उदाहरण हाच मुद्दा उलट बाजूने दाखवते. १९७०च्या दशकातल्या तेलाच्या भाववाढीनंतर रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांतून आणि गोव्यातून माणसे कुवेत, दुबई, सौदीला गेली. भारतापासून तीन-चार तासांचा प्रवास, बाजारात हिंदी-उर्दू चालते, हवे ते खायला मिळते. कोकणी मुसलमानाला तर धर्मही परका नाही. अबूधाबीत २०२४ साली भव्य हिंदू मंदिरही उघडले. सांस्कृतिक अंतराच्या मोजपट्टीवर आखात हे अमेरिका-युरोपहून कितीतरी जवळ. तरीही तिथे पन्नास वर्षे काढलेला माणूस त्या देशाला आपला म्हणू शकत नाही. कफाला पद्धतीत कामगाराचा मुक्काम मालकाच्या सहीशी बांधलेला. पासपोर्ट मालकाच्या कपाटात ठेवण्याची प्रथा बेकायदा ठरूनही टिकली. कतारने २०२०मध्ये नोकरी बदलायला मालकाच्या संमतीची अट काढली आणि सर्वांना लागू असे किमान वेतन ठरवले, सौदीनेही २०२१मध्ये काही बंधने सैल केली. पण मोजके अपवाद सोडले तर नागरिकत्वाची वाट कुठेच नाही. तिथेच जन्मलेली मुले आईबापांच्या परवान्यावर वाढतात आणि नोकरी संपली की कधी न राहिलेल्या ‘घरी’ परततात. गावात बांधलेले मोठे घर ही आखाताची सर्वांत ठळक निशाणी आहे, आणि ते घर गावात आहे यातच सगळे आले: आशा तिथे गुंतवता येत नाही, म्हणून ती इकडे पाठवली जाते.

याच गोव्यातून इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेल्यांची कथा निराळी. १९ डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगता येतो. ब्रिटन युरोपीय संघात होते तोवर त्या पासपोर्टवर तिथे राहून काम करता येई. स्विंडनमध्ये गोदामांत, कारखान्यांत राबणाऱ्या या माणसांना इंग्रजीची अडचण होती, थंडी होती, घरे दाटीची होती. आखातातल्या कामगाराहून त्यांचे काम फार वेगळे नव्हते. पण नोकरी सोडली म्हणून देश सोडावा लागत नव्हता. त्यामुळे मुले तिथल्या शाळेत गेली, चर्चमध्ये कोंकणी प्रार्थना सुरू झाल्या, तियात्राचे, म्हणजे कोंकणी नाटकांचे, प्रयोग होऊ लागले. ब्रेक्झिटनंतरही, ३० जून २०२१च्या मुदतीत अर्ज केलेल्यांचे हक्क टिकले. दोन्हीकडे गेलेला माणूस एकाच तालुक्यातला असतो. मुक्कामाचा कायदा तेवढा वेगळा.

लांब पल्ल्याचा पुरावा हवा तर मॉरिशसकडे जावे लागते. १८३४पासून सुमारे साडेचार लाख भारतीय गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर म्हणून या बेटावर उतरले. त्यांत रत्नागिरी-सावंतवाडीकडून गेलेले मराठी लोकही होते. एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांची मजुरी कापायची, ही तिथली कुप्रसिद्ध रीत. कंत्राट संपलेल्या मजुरालाही परवाना खिशात बाळगल्याशिवाय फिरता येत नसे. त्या काळात बेटावर आशेला जागा नव्हती. बदल झाला तो हक्कांच्या वाटेने: १८७१चा हजारो मजुरांचा अर्ज, १९०७ साली आलेल्या मणिलाल डॉक्टरांची वकिली, १९४८च्या निवडणुकीत साधी अक्षरओळख असलेल्यांना मताधिकार आणि १२ मार्च १९६८ला स्वातंत्र्य. त्या अक्षरओळखीत भारतीय भाषा धरल्या गेल्या, तेव्हा गावोगावच्या बैठकांतून माणसे मतासाठी लिहायला शिकली. आज तिथे गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते, शाळेत मराठी शिकता येते. मात्र बहुतेक मराठी घरांत बोलली जाते ती क्रिओल. मराठी बोलणे मागे पडले तरी तिथला मराठी समाज स्वतःला उपरा मानत नाही. भाषा टिकली तरच माणूस टिकला, हा आपला समज या अनुभवापुढे पुन्हा तपासावा लागतो.

कागदोपत्री नागरिकत्व मिळाले की सगळे संपते, असे मात्र नाही, आणि ते इस्राएलमधल्या बेने इस्राएल समाजाने दाखवून दिले आहे. शतकानुशतके कोकणात राहिलेला, घाण्याचे तेल काढणारा आणि शनिवार पाळणारा म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटला जाणारा हा मराठीभाषक यहुदी समाज १९४८नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेला. १९५०च्या कायद्याने येऊन राहण्याचा हक्क होता, १९५२च्या कायद्याने नागरिकत्वही आपोआप मिळाले, धर्मही एकच. तरी वागणुकीतल्या भेदभावाने वैतागलेल्या काहींनी १९५१मध्ये परत पाठवण्याची मागणी करत धरणे धरले आणि १९५२मध्ये त्यांना भारतात आणले गेले. पुढे १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या लग्नाआधी त्यांच्या आईकडच्या वंशाची चौकशी करण्याचे आदेश काढले. म्हणजे ज्या धर्मासाठी घरदार सोडले, त्यातच त्यांच्यावर शंका. पण यावेळी मागणी परतीची नव्हती, बरोबरीची होती. १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये निदर्शने झाली, संसदेचे खास अधिवेशन बोलावले गेले, हा समाज सर्वार्थाने यहुदी आहे असे तिने जाहीर केले, आणि धर्मपीठाला आदेशातून त्यांचे नाव काढावे लागले. हक्क असला म्हणजे अपमान होत नाही असे नाही. पण अपमानाविरुद्ध उभे राहायला पायाखाली जमीन असते. दिमोना, अश्दोद, लोद इथे हा समाज स्थिरावला आणि तिथूनच ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही काढू लागला.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा, की यात संस्कृतीला फारच स्वस्तात सोडले आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत पोचल्या तेव्हा त्यांच्यासमोर आजच्यासारखा व्हिसाचा प्रश्न नव्हता. तरी थंडी, शाकाहार आणि पेहराव यांची ओढाताण सोसत, प्रकृती खालावत असतानाच त्यांनी १८८६ साली वैद्यकीय पदवी घेतली, आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या. दुसरे उदाहरण नॉर्वेचे. २०११ साली स्ताव्हान्गर इथे एका भारतीय दांपत्याची दोन मुले बालकल्याण खात्याने काढून घेतली. हाताने भरवणे, मुलाला आपल्याजवळ झोपवणे यांवर आक्षेप घेतल्याचे पालकांनी सांगितले. सांस्कृतिक कारण असल्याचे खात्याने नाकारले. भारत सरकार मध्ये पडल्यावर २०१२मध्ये मुले काकांकडे भारतात आली आणि पुढे कोलकाता उच्च न्यायालयामुळे आईला परत मिळाली. संस्कृती आणि शरीर यांचे काच खरे आहेत, हे दोन्ही उदाहरणे सांगतात, आणि आनंदीबाईंच्या बाबतीत तर माझी मांडणी अपुरीच पडते. पण नॉर्वेत जे घडले त्याची धार रीतिभातींच्या वेगळेपणातून आली नाही. कोणाची रीत बरी हे ठरवण्याचा अधिकार एका बाजूला होता, आणि दुसऱ्या बाजूला तात्पुरत्या मुक्कामावर आलेले, भाषा न येणारे आईबाप होते. अंतर दोन्हीकडून सारखेच असते. त्याची किंमत मात्र ज्याच्या हाती काही नाही तोच मोजतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड: नागरिक झालेली माणसेही खिन्न असतात, त्यांचे काय? न्यू जर्सीत तीस वर्षे राहून पासपोर्ट बदललेल्यालाही आईच्या अंत्यविधीला वेळेवर न पोचल्याची खंत राहते. मुलांच्या आणि आपल्या मनात पडलेली दरी कोणता कायदा बुजवणार? उत्तर असे, की कायदा दुःख नाहीसे करत नाही, त्याचे स्वरूप बदलतो. नागरिक असलेल्याला आईकडे जाण्याचा निर्णय स्वतः घेता येतो. रांगेतल्याला गेलो तर परत येऊ का, याचा आधी विचार करावा लागतो. पहिल्याचे दुःख निवडीचे असते, दुसऱ्याचे कोंडीचे, आणि कोंडीतल्या दुःखाशी समजूत घालता येत नाही. शिवाय इथे भारताचाही वाटा आहे. आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर येता-जाता येते, पण मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही. तिकडे सुरक्षित व्हायचे तर इकडचे नागरिकत्व सोडावे लागते. २०२२ या एका वर्षात २,२५,६२० जणांनी ते सोडले. नागरिक झालेल्यांच्या मनातली टोचणी पुष्कळदा या सक्तीच्या अदलाबदलीची असते.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: स्वखुशीने, पैशांसाठी गेले, यजमान देशाला अटी घालण्याचा अधिकार आहे, मग तक्रार कसली? अटी घालण्याचा अधिकार मान्य आहे. पण माणसाच्या कामाची गरज दशकानुदशके कायम ठेवायची आणि त्याचा मुक्काम मात्र तात्पुरता मानायचा, हा त्या अधिकाराचा प्रामाणिक वापर नव्हे. जर्मनीने १९६१पासून तुर्की कामगारांना पाहुणे म्हणून बोलावले आणि त्यांच्या तिथेच जन्मलेल्या मुलांनाही परकेच ठेवले. अखेर २०००पासून जन्माधारित नागरिकत्वाची सोय आणि २०२४पासून पाच वर्षांत नागरिकत्व, तेही मूळचे न सोडता, असे बदल त्या देशाला करावे लागले. तोवर दोन पिढ्या दुरावल्या होत्या, आणि ते जुळवून घेत नाहीत असा दोष पुन्हा त्यांच्याच संस्कृतीला दिला जात होता.

मग आशा कुठे शोधायची? जाणाऱ्याने तिथल्या हवामानाची आणि वाण्याच्या दुकानांची चौकशी करावीच, पण त्याआधी चार गोष्टी विचाराव्यात: नोकरी गेली तर किती दिवस राहता येईल, मालक बदलता येईल का, जोडीदाराला काम करता येईल का, आणि किती वर्षांनी कायमचे राहण्याचा हक्क मिळेल. यांची उत्तरे ‘नाही’ किंवा ‘सांगता येत नाही’ अशी असतील, तर मुक्काम कमाईपुरता आहे हे मनाशी ठरवून जाणे बरे. त्यात कमीपणा नाही, आणि अपेक्षाभंगही टळतो. परदेशातल्या मंडळांनी गणपती आणि नाटकांइतकेच बळ व्हिसाच्या रांगेतल्यांना आणि अवलंबित व्हिसावरच्या स्त्रियांना कायदेशीर सल्ला देण्याकडे वळवावे. दहावी न झालेल्या कामगाराच्या पासपोर्टवर शिक्का मारून त्याच्या रक्षणाची जबाबदारी पार पडली असे मानणारा आपला १९८३चा स्थलांतर कायदा बदलावा, आणि व्यापारी करारांच्या वाटाघाटींत किती माणसे पाठवणार यासोबत ती कोणत्या हक्कांवर जाणार हेही मागावे. आणि परदेशी मराठी माणसाच्या दुःखावर लिहिणाऱ्यांनी, वाचणाऱ्यांनी ‘करमते का?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘किती दिवसांचा परवाना आहे?’ हेही विचारावे. करमणे पुष्कळदा त्या दुसऱ्या उत्तरावर अवलंबून असते, आणि ते बदलणे माणसांच्या हातात आहे.